काठमांडूबाईंचा दाखला

इंदूबाई कुठल्या, असं आमच्या गावात विचारलं तर माणसं दोन घरं दाखवतील. काठमांडूबाई कुठल्या म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा अंगणवाडीच्या दाराकडे बोट करील. हे नाव मी ठेवलं. इंदूबाई नात्यानं माझ्या वहिनी लागतात, तेव्हा थट्टेचा हक्क माझ्याकडे वारसानं आलेला आहे.

आमचं गाव पळसदरीच्या धरणाच्या मागच्या अंगाला. शनिवार-रविवार मुंबईची माणसं धरणाशी फोटो काढून जातात, बाकीचे पाच दिवस तिथं म्हशी बसतात. अंगणवाडी म्हणजे एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. त्या खोलीत इंदूबाईंनी चाळीस वर्षं काढली. गावातलं चाळिशीच्या आतलं प्रत्येक माणूस त्यांच्या वजनकाट्याला लटकून गेलंय. छपराच्या हुकाला काटा, काट्याला कापडी चड्डी आणि चड्डीत बोंबलणारं पोर. आमचे सरपंच देवेशराव आज पांढरी बंडी घालून फिरतात, पण त्या काट्याला लटकले असताना त्यांनी बाईंच्या नव्या पातळाचं काय केलं, हे गावाला ठाऊक आहे. निवडणुकीत विरोधकांनी ते प्रचारात घ्यावं, असं मी सुचवलंही होतं.

बाईंना मी कधीही पाहिलं की त्या नुकत्याच कुठूनतरी आलेल्या असतात आणि लगेच कुठंतरी निघायच्या असतात. पोलिओचे डोस, मतदारयाद्या, खिचडी, गरोदर बायांची नावं, सगळं त्यांच्याच डोक्यावर. हल्ली त्यात मोबाईल आला. गरोदर बाईचा फोटो काढून त्यात चढवायचा, पण रेंज फक्त धरणाच्या भिंतीवर. मग सात महिन्यांची पोटुशी पुढे, बाई गुडघा धरून मागे, अशी वरात निघते. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, लेक माधवी बदलापूरला. घरी वाट बघणारी एक मांजर, आणि तीही माझ्याकडे जेवते.

तर काठमांडू. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कर्जतला पंचायत समितीच्या हॉलमध्ये सेविकांचं प्रशिक्षण होतं. दुपारी पुरी-भाजी आणि श्रीखंड झालं आणि सगळ्या जणी बसल्या जागी पेंगल्या. इंदूबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली होती. व्याख्यान देणाऱ्या मुंबईच्या मॅडम त्यांच्या नाकासमोर उभ्या, त्यामुळे डोळा मिटायची सोय नव्हती. म्हणून ते भाषण अख्ख्या तालुक्यात एकट्या इंदूबाईंनी ऐकलं.

संध्याकाळी टेंपोतून उतरल्या त्या थेट आमच्या कट्ट्याशी आल्या.

"भावजी, सात देशांनी सही केलीय. काठमांडूला. दोन हजार दोन साली."

"कशावर?"

"पोरांवर. सार्कचा करार हाय. आपण, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान..." सातवा आठवेना. "बारका देश हाय, समुद्रातला."

"वहिनी, इथं बांधावरनं दोन सख्ख्या भावांची एका कागदावर सही होत नाय. सात देश काय करणार?"

"म्हणून तं सांगतेय!" त्या म्हणाल्या. "ज्यांचं क्रिकेटवरनं पटत नाय, ते पोरांसाठी एका टेबलाला बसले."

आणि दुसऱ्या दिवशी ऑइलपेंटचा डबा आणून त्यांनी अंगणवाडीच्या आतल्या भिंतीवर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'जन्माची, लग्नाची, मृत्यूची नोंद करा. नोंद असेल तरच लग्नाचं वय पाळता येतं.' खाली बारीक अक्षरात 'सात देशांचा करार, काठमांडू'. करारात तसं कलमच आहे म्हणे. मला वेळ भरपूर होता, मी नाव ठेवून मोकळा झालो.

आता त्या भिंतीखालीच बाईंच्या हातून काय झालं ते सांगतो. आधी एक जूनचं सांगायला हवं. आमच्या पिढीत कोणाचा जन्म कधी झाला हे घरात नीट माहीत नसे. 'मोठ्या पुराच्या वर्षी, भात लावताना' असं आई सांगायची. गुरुजी ऐकून घ्यायचे आणि दाखल्यावर एक जून लिहायचे, कारण शाळा जूनमध्ये उघडते आणि वय मोजायला सोपं जातं. माझा जन्म एक जूनचा, इंदूबाईंचा एक जूनचा, आमच्या वर्गातल्या एकवीस जणांचा एक जूनचा. आमच्या बैलाला शाळेत घातला असता तर त्याचाही झाला असता.

दोन हजार तेराच्या जूनमध्ये सोनुबाई आपल्या दोन नाती घेऊन अंगणवाडीत आली. सोनुबाई माझी शेजारीण, आमच्या गावातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. थोरल्या मुलाची हर्षला, सहा वर्षांची, शाळेत जायच्या वयाची. धाकट्या नवनाथची अक्षदा, साडेचार वर्षांची. तिनं हर्षलाच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरलं होतं. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. चारही दिवस अक्षदा शाळेच्या खिडकीला लटकून रडत होती आणि आतून हर्षला रडत होती. गुरुजी म्हणाले, अंगणवाडीचा वयाचा दाखला आणा, धाकटीलाही बसवून घेतो.

"लिव गं इंदे, एक कागदाचा तुकडा," सोनुबाई म्हणाली.

"ती साडेचारची हाय. मीच तिचं वजन घेतलंय, तिसऱ्या दिवशी."

"मग? वाढायची थांबणार हाय का ती? तिची आय शेतावर, मी घरात, ही बोंबलते दिवसभर. हर्षलासारखंच लिव."

त्या दिवशी खोलीत बत्तीस पोरं होती, मदतनीस जना तापानं घरी होती, चुलीवर खिचडी करपत होती आणि तालुक्याहून तपासणीला मॅडम येणार होत्या. बाई उभ्याच होत्या सकाळपासून. त्यांनी लिहिलं. हर्षलाला एक जून दोन हजार सात, अक्षदालाही एक जून दोन हजार सात. दीड वर्ष एका ओळीत वाढवलं. दोघी हसत शाळेत गेल्या, बारावीपर्यंत एका बाकावर बसल्या. गावाला त्या जुळ्याच वाटायच्या.

यंदा मार्चमध्ये दोघींची लग्नं ठरली. खालापूरकडचं घर, दोन सख्खे भाऊ. थोरल्याला हर्षला, धाकट्याला अक्षदा. धाकटा खोपोलीच्या कंपनीत परमनंट, दारू नाही, तंबाखू नाही. मी चौकशी केली, काही सापडलं नाही. मला जरा वाईटच वाटलं. एकच मांडव, एकच जेवण, आणि घाई अशी की मेच्या मध्याला अधिक महिना लागतो, मग मुहूर्त नाहीत. बारा मे ठरला. सोनुबाई गावभर सांगत सुटली, एकाच दिवशी जन्मल्या, एकाच दिवशी उजवल्या. शेवटी शेवटी तिचाच त्यावर विश्वास बसला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी अक्षदा अंगणवाडीत आली. तिथं काय झालं ते बाईंनी मला सांगितलं नाही. जना भांडी घासत होती, आणि जनाच्या तोंडात तीळ भिजत नाही, देव तिचं भलं करो.

"मावशी, मी कधी झाले?" पोरीनं विचारलं.

"कधी म्हंजे? दाखल्यावर हाय ना."

"दाखल्यावर मी आन् हर्षला एकाच दिवशी झालोय. आजी पूर्वी सांगायची, मी झाले तेव्हा हर्षला अंगणात कोंबड्यांच्या मागं धावत होती."

बाईंनी तांदूळ निवडायला घेतला. जना म्हणते, निवडलेलाच होता.

"तुला लगीन नको हाय का?"

"मी तसं नाय बोलले. पोरगा बरा हाय. पण मला नर्सिंगचा फॉर्म भरायचाय. बाबा बोलतात, सासरी जाऊन भर."

"सासरचे काय बोलतात?"

"बोलतात, बघू."

या 'बघू'चा अर्थ आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाईंनी सूप खाली ठेवलं.

"मला फक्त माझं वय सांगा मावशी. तुमीच लिहिलं होतं ना?"

"उद्या ये," बाई म्हणाल्या.

घरी जाऊन त्यांनी पेटी उघडली. मोबाईल यायच्या आधीच्या सगळ्या वह्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत, उंदरांपासून आणि माझ्यापासून. दोन हजार नऊच्या वजनाच्या वहीत मिळालं: 'नवनाथची मुलगी, जन्म नऊ जानेवारी, घरी. वजन दोन किलो शंभर.' म्हणजे बारा मेला पोरगी सतरा वर्षं चार महिन्यांची. अठरा पुरी व्हायला आठ महिने. दुसऱ्या दिवशी जनाच्या देखत त्यांनी पोरीला तेवढंच सांगितलं.

बाईंच्या पुढे काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हाच दिसलं. गप्प बसल्या तर अक्षदाचं लग्न होणार आणि फॉर्म 'बघू'त जाणार. बोलल्या तर खोटा दाखला देणारी सेविका म्हणून कागद त्यांच्यावर उलटणार, तोही निवृत्तीला दीड महिना असताना. त्यांची निवृत्ती एकतीस मेला, कारण त्यांचाही जन्म एक जूनचा. ग्रामपंचायतीनं शाल-नारळाचा कार्यक्रम ठरवला होता, भाषण मी करणार होतो. चार विनोद तयार होते.

बाई आधी सोनुबाईकडे गेल्या. मी आमच्या ओट्यावर होतो. कान झाकून घ्यायची मला सवय नाही.

"सोनुबाई, धाकटीचं जानेवारीपर्यंत थांबवा."

"येडी का गं तू? पत्रिका वाटल्या."

"ती अठराची नाय. तुमाला ठाव हाय, मला ठाव हाय."

"आन् कागदाला?" सोनुबाई हसली. "आठ महिने म्हंजे काय गं इंदे? एक भाताचं पीक, आन् वर वाल पेरायचे. तेवढ्यासाठी मांडव मोडू? मी चौदाची आले या घरात. मेले का?"

"तुमची पहिली दोन गेली ना," बाई हळूच म्हणाल्या.

सोनुबाईचा आवाज खाली आलेला मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली, "आमच्या ओटीवर बसून हे बोललीस. ऊठ."

तेवढ्यात नवनाथ टेंपो लावून आला. माणूस वाईट नाही, आवाज चढवत नाही. त्यानं बाईंना बसवलं, पाणी दिलं.

"मावशी, ग्रामसेवकांनी सगळे कागद बघितलेत. शाळेचा दाखला, बोर्डाचं सर्टिफिकेट, आधार. सगळं तुमच्या एका चिठ्ठीवरनं झालंय. आता तुमीच बोलणार का, ती चिठ्ठी खोटी? कशाला? दीड महिना राह्यलाय. शाल घ्या, नारळ घ्या, पाय पसरून झोपा. तुमाला झोपेची गरज हाय."

हे शेवटचं खरंच होतं. बाई भिंतीला हात लावत उठल्या.

परतताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, "वहिनी, सात देश राखायचा मक्ता काय तुमी एकटीनं घेतलाय? ते राजे-महाराजे सह्या करून गेले, त्यांना कोण विचारतंय? सोडा."

"त्यांना कोण विचारणार नाय भावजी," त्या म्हणाल्या. "दाखल्यावर सही माझी हाय." आणि पुढे म्हणाल्या, "मला खरंच लय झोप आलीय हो. चाळीस वर्षं झाली, झोप आलीय."

मी त्यांना दारापर्यंत सोडून आलो.

अक्षयतृतीयेच्या आधी गावच्या बाल संरक्षण समितीची बैठक असते. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडीच्या बाई सचिव, ज्येष्ठ नागरिक म्हणून मी, बिस्किटांसाठी. दर वर्षी एकच ठराव होतो: 'गावात बालविवाह होत नाही व होणार नाही.' बाई लिहितात, सगळे सह्या करतात, चहा येतो. पंधरा मिनिटांचं काम.

यंदा देवेशरावांनी ठराव वाचला आणि वही बाईंकडे सरकवली. बाईंनी पेन उघडलं. मग पुन्हा टोपण लावलं.

"एक हाय," त्या म्हणाल्या.

"काय एक?"

"बालविवाह. बारा तारखेचा. नवनाथच्या अक्षदाचा. तिचा वयाचा दाखला मी दिला होता, तो खोटा हाय." पिशवीतून जुनी वजनाची वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "खरं हे हाय."

ग्रामसेवकांनी वही उघडली नाही. आधी त्यांनी दार लावून घेतलं.

देवेशराव म्हणाले, "मावशी, तुमाला कळतंय ना काय बोलताय? हे लिहून घेतलं तर चौकशी लागेल. तुमच्यावर. आता, जाता जाता."

"लिव."

"नवनाथ माझ्या प्रचारात होता हो."

"तू माझ्या काट्यावर होतास," बाई म्हणाल्या. "लिव."

मी हसलो. एकटाच. मग देवेशरावांनी लिहिलं आणि ठरावाची वही माझ्यासमोर आली, साक्षीला. खरं सांगायचं तर माझा हात लगेच उठला नाही. नवनाथ माझा शेजारी. त्याच्या टेंपोतून मी दवाखान्यात जातो, सोनुबाई मला कालवण देते. या वयात चांगलं कालवण गमवायचं म्हणजे सोपं नाही. बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, गुडघा चोळत होत्या. मी सही केली. कालवण त्या दिवसापासून बंद आहे.

बारा मेला मांडवात हर्षलाचं एकटीचं लग्न लागलं. पत्रिकेत दोन नावं होती, पाहुणे दुसरी नवरी शोधत होते, सोनुबाई सगळ्यांना सांगत होती, धाकटीला कावीळ झालीय. नवनाथनं पोलीस-कचेरी होऊ दिली नाही, ग्रामसेवकांना हमीपत्र लिहून दिलं. शहाणपणा केला त्यानं. खालापूरकरांना विचारलं, जानेवारीपर्यंत थांबता का? ते म्हणाले, बघू.

बाईंना नोटीस आली. दाखला का दिला, कोणाच्या सांगण्यावरून दिला, अशा पाच-सहा प्रश्नांची. त्यांनी सगळ्यांना मिळून एकच उत्तर लिहिलं: 'मी दिला, चूक झाली.' सोनुबाईचं नाव घातलं नाही. मी म्हटलं, निदान तेवढं तरी घाला. म्हणाल्या, पेन माझ्या हातात होतं. शाल-नारळाचा कार्यक्रम 'अधिक महिना आहे' म्हणून रद्द झाला. एकतीस मेला त्यांनी खोली झाडली, काटा पुसून हुकावरून उतरवला, किल्ली जनाकडे दिली. मी भाषणातला एक विनोद करून पाहिला. जना हसली, बाई "हं" म्हणाल्या.

मला वाटलं, आता तरी झोपतील. तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेआठला बाई छत्री घेऊन निघालेल्या.

"आता कुठं?"

"अक्षदाची तारीख दुरुस्त करायला. जन्माची नोंदच नाय ना तिची. आधी ती करायची, मग शाळेचा दाखला, मग बोर्ड, मग आधार. नायतर नर्सिंगला गेली तरी खोट्यावरच जाणार."

"ते तिचा बाप करील की."

"बाप बोलतो, ज्यानं बिघडवलं त्यानं सांधावं. बरोबर बोलतो."

चार वेळा गेल्या त्या. ग्रामपंचायतीचा नोंद नसल्याचा दाखला, तलाठी, प्रतिज्ञापत्र, मग प्रांत ऑफिस. पाचव्या वेळी माझं सातबाऱ्याचं काम होतं, म्हणून मीही बरोबर होतो. टेंपोत अक्षदा मध्ये बसली होती, मांडीवर प्लास्टिकची फाईल. घरात तिच्याशी अजून कोणी धड बोलत नव्हतं. लग्न मोडलं ते हिच्या तोंडाळपणामुळे, असं आजीनं ठरवून टाकलं होतं. हर्षला सासरहून फोन करते, पण सासूच्या समोरून.

अर्ध्या वाटेवर पोरगी बाहेर बघत म्हणाली, "मावशी, मी फक्त वय विचारलं होतं."

"हां."

"लगीन मोडा, असं बोलले नव्हते."

"नाय बोललीस."

"मग?"

बाईंनी मांडीवरची छत्री बाजूला ठेवली. "वय सांगितलं की बाकीचं थांबत नाय गं. मला ठाव होतं. तुला नव्हतं. तुला सांगायला पायजे होतं आधी." मग म्हणाल्या, "चिडली असशील तर चिड. मला चालतंय."

"चिडलेय," अक्षदा म्हणाली, आणि फाईल घट्ट धरून बसली.

ऑफिसात बाकड्यावर आम्ही तिघं. टोकन सदुसष्ट, चालू होतं एकेचाळीस. पंखा होता, तो दुसऱ्या बाकड्यावर. थोड्या वेळानं बाईंची मान पुढे आली, मग बाजूला कलली आणि पोरीच्या खांद्यावर टेकली. तोंड किंचित उघडं. एवढ्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. वजन चांगलंच असणार, पण अक्षदा हलली नाही. एकदा तिनं फक्त बाईंचा खाली आलेला पदर वर केला.

सदुसष्ट पुकारलं. मी बाईंना उठवायला हात पुढे केला.

"आजोबा, राहू द्या," अक्षदा म्हणाली. "तुमी जरा इकडं सरका."

मी सरकलो. बाईंचं डोकं तिनं दोन्ही हातांनी उचलून माझ्या खांद्यावर ठेवलं, फाईल उघडून कागद क्रमानं आहेत की नाही पाहिलं आणि खिडकीशी गेली. आतल्या माणसानं काहीतरी विचारलं असावं.

"माझंच काम आहे," तिचा आवाज आला. "जन्म नऊ जानेवारी, दोन हजार नऊ. घरी."